मार्फत ५६ एपीओ

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक तिसऱ्या पानावर ब्रिगेडिअर होता. वय वर्षं सव्वीस. संध्याकाळी शेजारच्या सुभेदारकाकांनी चष्मा पुसून ते पान वाचलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि विचारलं, "ताई, ह्यो पोरगा भरती कवा झाला? बालवाडीतनं?"

तिथून सगळं बिघडत गेलं.

मला मुळात साधी प्रेमकथा लिहायची होती. कॉलेजात असताना पुण्याला मावशीकडे गेलं की फुटपाथवर मिल्स अँड बूनची जुनी पुस्तकं पाच-पाच रुपयांना मिळायची. १९०८ साली लंडनमध्ये निघालेल्या या कंपनीनं आधी सगळ्या तऱ्हेची पुस्तकं काढून पाहिली, मग तिच्या लक्षात आलं की प्रेमाइतकं दुसरं काही खपत नाही. त्यातला नायक उंच, सावळा, अबोल आणि गडगंज श्रीमंत असे. आमचे हे यातल्या एका अटीत बसतात. सावळे आहेत.

हायस्कुलात चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता आपण लिहायचं. नगर वाचनालयातून ना. सी. फडक्यांचं १९३१ सालचं 'प्रतिभासाधन' आणलं. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. तत्त्वज्ञानातून उठून माणूस एवढ्या प्रेमकथा लिहू शकतो, तर व्याकरणातून उठून एक तरी जमायला हरकत नव्हती. पण व्याकरण असं सहजासहजी उठू देत नाही. माझी नायिका डोळे मिटून "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणाली की माझ्या डोक्यात आपोआप उमटतं, 'वर : शब्दयोगी अव्यय'.

पहिली कथा डॉक्टर आणि नर्सची होती. एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला.

"मॅडम, प्रेम चांगलं आहे, पण दवाखाना नको. यंदा आलेल्या निम्म्या कथा दवाखान्यात आहेत. वाचताना फिनेलचा वास यायला लागलाय. वर्दी द्या, वर्दी. वर्दीतलं प्रेम चालतं."

"एस.टी. कंडक्टरची एक आहे माझ्याकडे. खाकी चालेल?"

"खाकी नको. हिरवी द्या. आणि एका कथेवर भागणार नाही, छोटी कादंबरीच लिहा."

साताऱ्यात राहून सैनिकावर लिहायला असं काय लागतं, असं मला वाटलं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली निघालं ते आमच्या गावात. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे. इथे डोळे मिटून खडा भिरकावला तर तो माजी सैनिकाला तरी लागतो, नाहीतर कंदी पेढ्याच्या दुकानाला. बाकीचा अभ्यास मी सिनेमांतून केलेला होता. १९६९ सालचा 'आराधना' तर तीनदा पाहिला होता. त्यातून मी एवढंच शिकले की हवाई दलातल्या माणसाजवळ विमान नसलं तरी चालतं, जीप मात्र हवी आणि बाजूने आगगाडी जायला हवी.

अशा भक्कम पायावर मी ब्रिगेडिअर रणधीर उभा केला. तो सुभेदारकाकांनी पाडला.

काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. अठ्ठावीस वर्षं नोकरी. अजून पहाटे पाचला उठतात आणि आमच्या इमारतीतल्या मोटारसायकली मापात लावून ठेवतात. "बारावीनंतर खडकवासल्याला तीन वर्सं," ते मला समजावून सांगू लागले, "मग डेहराडूनला एक. झाला लेफ्टनंट. दोन वर्सांनी कॅप्टन. सहा वर्सं झाली की मेजर, तेरा झाली की लेफ्टनंट कर्नल. त्येच्याफुडं नुसती वर्सं मोजून भागत न्हाई, निवड हुती. ब्रिगेडिअर हुईस्तवर गडी पन्नाशीला टेकतो. तुमची नायिका केवढी?"

"बावीस."

"मग ती त्येची पोरगी हाय का?"

मी त्याच रात्री रणधीरला कॅप्टन केला. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार निघाली ती घरातूनच.

आमचे हे विम्याचे एजंट. यांनी आयुष्यात पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांपलीकडे काही वाचलेलं नाही. पण हस्तलिखित टेबलावर दिसल्याबरोबर बसून सलग बारा पानं वाचली. मग बराच वेळ पंख्याकडे पाहत होते.

"हा कॅप्टन कोण?"

"कोण म्हणजे? कल्पनेतला."

"मग याला मिशी कशी?"

"सैनिकांना असते."

"मला नाहीये."

"अहो, हे तुम्ही नाही."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते बाहेर निघून गेले. तेव्हापासून चार दिवस दाढी करताना वरच्या ओठाला हात लावत नव्हते. पाचव्या दिवशी आमच्या सासूबाईंनी, वय वर्षं त्र्याऐंशी, विचारलं, "अरे, तोंडाला काही चावलं का तुझ्या?" मग ती मिशी निघाली. कादंबरीतली तेवढी राहिली.

आता चौथं प्रकरण. यात रणधीर मुसळधार पावसात, केसांतून पाणी निथळत, नायिकेच्या, म्हणजे मृण्मयीच्या, खिडकीखाली उभा राहून तिला कडक सलाम ठोकतो. हा प्रसंग लिहिताना मला स्वतःलाच सर्दी झाल्यासारखं वाटलं होतं. काकांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"डोस्क्यावर काय हाय?" काकांनी विचारलं.

"पाऊस."

"टोपी?"

"टोपी घातली तर केस निथळणार कसे काका?"

"टोपी न्हाई, तर सलाम न्हाई."

मी टोपी घातली. केस सुकले. मग काकांची नजर पुढच्या ओळीवर गेली. 'त्याचा तळवा किंचित खाली झुकलेला होता, जणू तिच्या पापण्यांना सावली देणारा.' माझं हे सगळ्यात लाडकं वाक्य.

"ह्यो नेव्हीचा झाला," काका म्हणाले. "पायदळात तळवा सरळ म्होरं दिसला पायजे. नेव्हीत खाली जमिनीकडं, जहाजावर काम करून हात काळं झालेलं असत्यात म्हणं, ती दिसाय नगंत. आन् एअरफोर्सचा मधलाच, अर्धा." नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना. खाली पार्किंगमध्ये नेऊन त्यांनी तिन्ही सलाम करून दाखवले. वॉचमननं तिन्ही वेळा उभं राहून उलट सलाम केला आणि संध्याकाळी आमच्या ह्यांना विचारलं, की साहेब, वहिनी कुठल्या निवडणुकीला उभ्या आहेत?

घोड्याची गोष्ट तर मी कुणाला सांगतच नाही. इथे सांगते. नायक नुसता चालत आला तर तो पोस्टमन वाटतो, म्हणून मी रणधीरला कॅव्हलरीत टाकलं, नेमणूक नगरला दिली आणि पांढरा घोडा दिला. कॅव्हलरी म्हणजे घोडदळ हे मी स्वतः चौतीस वर्षं मुलांच्या वहीत लिहून दिलेलं आहे. काकांनी शांतपणे सांगितलं की नगरच्या कॅव्हलरीत रणगाडे असतात. घोडेस्वारांची रेजिमेंट उरलीय ती ६१ कॅव्हलरी, जयपूरला. तिचे घोडे परेडमध्ये आणि पोलोच्या मैदानात दिसतात. साताऱ्यापर्यंत कुणी सोडत नाही.

ठीक आहे, म्हटलं, रणगाडा तर रणगाडा. उलट नवीन कल्पना. रात्र, चांदणं, बंद रणगाड्यात तो आणि ती. मी मोठ्या उत्साहानं आत किती जागा असते म्हणून चौकशी केली. टी-७२ रणगाड्यात तीन माणसं बसतात: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. तिघंही गुडघे पोटाशी घेऊन. म्हणजे मृण्मयीला आत घ्यायचं तर एकाला खाली उतरवावं लागणार, आणि तरीही तिसरा माणूस आत उरणारच.

"याला थर्ड पार्टी म्हणतात," आमचे हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा यांना माझ्या लिखाणात रस वाटलेला मला दिसला.

शेवटी मी रणधीरला घोड्यावरून आणि रणगाड्यातून उतरवून पायदळात पाठवलं. मराठा लाइट इन्फन्ट्री. हे ऐकल्यावर काका खुर्चीत ताठ झाले. १७६८ सालची पलटण, बेळगावचं सेंटर, तिथे रंगरूट असताना पाठीवर पिट्टू बांधून काढलेल्या फेऱ्या, आणि या पलटणीच्या जवानाला बाकीची फौज 'गणपत' म्हणते, सगळं एका दमात सांगून झालं. मला वाटलं, सुटले. पण रणधीर पलटणीत दाखल झाला आणि माझ्या हातून कायमचा गेला. आजवर तो माझा नायक होता. आता तो काकांच्या हाताखालचा माणूस होता.

तो नायिकेला भेटायला उशिरा पोचू शकेना. तो रडू शकेना. वर्दीत तिचा हात धरायला बंदी. 'प्रेमात पडल्यापासून त्याची झोप उडाली होती' हे वाक्य काकांनी पेन्सिलीनं काटलं आणि बाजूला लिहिलं, 'आधीच उडालेली असते.' एकदा मी त्याला अंगावर सुरकुतलेला सदरा दिला, तर दुसऱ्या दिवशी काका इस्त्री केलेला सदरा घेऊन दारात हजर. "ह्यो बघा. असा लिवायचा."

मधल्या काळात यांची आणि काकांची गट्टी जमली. हे रोज संध्याकाळी 'तुझ्या कादंबरीच्या कामासाठी' म्हणून काकांकडे जाऊ लागले. काकांना कँटीनमधून महिन्याचा जो कोटा मिळतो, त्यातली एक बाटली या संशोधनावर खर्ची पडते हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. परत आल्यावर हे फार मोलाच्या सूचना करत. "त्याचा विमा काढलाय का? कॅप्टनचा? नॉमिनी कोण? लग्न झालं नसेल तर आई लाव. नंतर बदलता येतं." त्या सहाव्या प्रकरणाइतकं व्यवहारी प्रेम मराठीत दुसरीकडे सापडणार नाही.

सातव्या प्रकरणात रणधीर सियाचीनला जातो. तिथे आपली फौज १९८४ च्या एप्रिलपासून आहे, तेव्हा माझा नायक थोडा उशिरानेच पोचला असं म्हणायला हवं. बर्फाचं वादळ. चौकीवर तो एकटा. खिशातून मृण्मयीची अंगठी काढतो, उघड्या तळव्यावर ठेवतो आणि तिच्याकडे पाहत राहतो. वाऱ्यावर त्याचे रेशमी केस भुरभुरतात.

काका हे वाचताना हसले नाहीत. ते स्वतः एकदा तिथे राहून आलेले आहेत. त्यांनी फक्त माझा हात हातात घेतला, तळवा उघडला, त्यावर स्वयंपाकघरातला एक चमचा ठेवला आणि म्हणाले, "हितं काय हुत न्हाई. तिथं उघड्या हातानं लोखंडाला, सोन्याला, कशाला बी हात लावला तर कातडं त्येला चिकटून येतं. अंगठी ऱ्हाईल ताई. बोट जाईल." थोडं थांबून म्हणाले, "आन् रेशमी केस म्हंजे... महिना महिना आंघूळ नसती वो."

मी हातमोजे घातले. मोज्यातून अंगठी दिसेना, म्हणून ती ट्रंकेत ठेवली. आंघोळीचा उल्लेखच टाळला.

त्याच प्रकरणाच्या शेवटी मृण्मयी आजारी पडते आणि रात्री निरोप मिळताच रणधीर सकाळी तिच्या उशाशी येऊन बसतो. काकांनी यावर कागद-पेन्सिल मागितली. चौकीवरून दोरीला बांधून घेऊन खाली चालत, ते काही दिवस. हवा चांगली असेल तर पुढे हेलिकॉप्टर, नसेल तर थांबा. मग लेह, मग जम्मू. तिथून झेलम एक्स्प्रेस, पुण्यापर्यंत दोन रात्री. "आन् मग," काकांनी पेन्सिल खाली ठेवली, "स्वारगेटवर साताऱ्याच्या गाडीत जागा मिळाली तर."

तोवर मृण्मयी बरी होऊन कामावर हजर झालेली असते. मग आजारपणच काढून टाकलं. एका कादंबरीतून मी इतकं काढून टाकलं की शेजारणी विचारायला लागल्या, वजन कमी केलंत का? कादंबरीचं झालं होतं.

आता यायचं ते मुख्य अब्रूला. मृण्मयी त्याला शोधायला निघते. तिच्याजवळ त्याच्या पाकिटावरचा पत्ता आहे: नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. मी काय केलं, तर तिला दिल्लीच्या स्टेशनवर उतरवलं, रिक्षात बसवलं आणि भर पावसात तीन पानं रिक्षावाल्याला विचारत फिरवलं, "भैया, छप्पन्न एपीओ किधर है?" रिक्षावाला सज्जन होता. त्यानं पंचावन्नपर्यंत शोधलं.

काकांच्या घशात चहा अडकला. काकूंना धावत येऊन पाठीवर थापटावं लागलं. मग काकू, ज्या आतापर्यंत माझ्या साहित्यापासून चार हात लांब होत्या, म्हणाल्या, "अगं बाई, ते गाव नव्हं. तसं असतं तर म्या नसते का गेले?"

फौजेतल्या माणसाच्या पत्त्यावर तो आहे ते ठिकाण लिहीतच नाहीत. ५६ एपीओ लिहिलेलं टपाल दिल्लीला फौजेच्या मोठ्या पोस्टात जातं, ९९ एपीओचं कोलकात्याला. तिथून पुढे ती पलटण कुठल्या डोंगरावर आहे हे फौजेच्या पोस्टाला ठाऊक, बायकोला नाही. नवरा राजस्थानात असो की सियाचीनला, पाकिटावरची ओळ तीच. मी इतकी वर्षं मुलांना 'पत्रलेखन' शिकवलं. उजव्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली दिनांक. कुणा पोरानं पत्त्यात गावाचं नाव गाळलं की अर्धा गुण कापला. त्यातली किती पोरं पुढे भरती झाली असतील कोण जाणे. त्यांचे अर्धे गुण मी या लेखाद्वारे परत करते.

यानंतर माझ्या लक्षात आलं की खरी अडचण रणधीर नाही, विरह आहे. पूर्वीच्या शाहिरांचं बरं होतं. फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची, परत येईल ती पावसाच्या तोंडावर. मधले आठ महिने सबंध लावणीवाङ्मयाला मोकळे. विरहिणीनं जळायचं, झुरायचं, सख्यांना सांगायचं, आणि होनाजी नाहीतर परशराम ते लिहून घ्यायला तयार. आता मृण्मयीनं खिडकीत बसून एक उसासा टाकायचा, तर रणधीरचा व्हिडिओ कॉल येतो. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." पुढे काय लिहायचं? मी त्याची रेंज घालवली. एका पानावर रेंज आली, दुसऱ्या पानावर गेली. बारा पानं तीच येत-जात राहिली. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हे आपल्याच गच्चीवरचं लिहिलंयस ना?"

अशात माझी भाची पुण्याहून आली. तिनं हस्तलिखित मोबाइल बघता बघता वाचलं आणि म्हणाली, "आत्या, हे सगळं ठीक आहे, पण ही बाई खिडकीत का बसलीय?"

"वाट पाहतेय."

"तिला नोकरी नाही का? तिलाच कॅप्टन कर की. २०२२ पासून एनडीएत मुली घेतात. पहिल्या सतरा जणी २०२५ च्या मे महिन्यात पास होऊन बाहेर पडल्या. आणि तुझी मृण्मयी अजून रिक्षातच."

गोष्ट पटली. मी हुद्दे बदलले. कॅप्टन मृण्मयी सीमेवर, रणधीर साताऱ्यात वाट पाहत. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "टोपी घातली की सलाम सारखाच." त्यांची मंजुरी मिळाली. अडलं ते दुसरीकडेच. पुरुष वाट कशी पाहतो याबद्दल माझ्याजवळ काहीच माहिती नव्हती. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या वाङ्मयात बाईनं वाट पाहिलेली आहे. सातवाहनांच्या काळातल्या आपल्या गाथा पाहिल्या तरी नवरा परदेशी आणि बायको दारात. दारात उभा राहिलेला नवरा शोधूनही मिळेना.

म्हणून मी प्रयोग केला. काही न सांगता दोन दिवस वाईला भावाकडे जाऊन राहिले आणि सासूबाईंना निरीक्षण करायला सांगितलं. यांचे चार फोन आले. पहिला चहापूड कुठे आहे, दुसरा साखर कुठे आहे, तिसरा गाळणं कुठे आहे. चौथ्या फोनला माझा जीव थोडा हलला. रात्रीचे साडेदहा झाले होते, आवाज मऊ होता. "अगं... झोपलीस का?"

"नाही. का हो?"

"गीझर बंद कसा करायचा?"

परत आल्यावर सासूबाईंनी अहवाल दिला. "खिडकीत एकदाही पाहिलं नाही त्यानं. फ्रिजमध्ये चौदा वेळा."

त्यावर कादंबरी होत नाही. मी मृण्मयीचा राजीनामा घेतला आणि पुन्हा खिडकीत बसवली. भाची माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

हस्तलिखित द्यायला दहा दिवस उरले होते आणि माझ्याकडे एक इस्त्रीचा नायक, एक रिकामी खिडकी आणि सरकारी नियमात न बसल्यानं रद्द झालेली अकरा चुंबनं एवढंच होतं. कुठेतरी खरं प्रेमपत्र तरी पाहायला मिळावं म्हणून मी पहिल्या महायुद्धाबद्दल वाचायला घेतलं. एकट्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात मारले गेले. गावात त्यांच्या स्मरणाचा दगड आहे, तो मी लहानपणी पाहिला होता. फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं साहेबाचा सेन्सॉर उघडून वाचायचा. म्हणून शिपाई आडून लिहायचे. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी बरीच संपली, एवढं लिहिलं की घरी काय ते कळायचं.

हे मी काका-काकूंना सांगत होते. काका गप्प ऐकत होते. काकू शेंगा सोलत होत्या.

"आमच्याकडं बी तसंच हुतं की," त्या सहज बोलून गेल्या.

"सेन्सॉर?"

"न्हाई गं, सासरा." काकूंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मला कुठं वाचाय यायचं? पोस्टमन पत्र आणायचा, ते गुरुजी वाचायचं. पारावर. सासरा, दीर, चुलत-सासरा, निम्मा गाव बसलेला. मी आपली दाराआड पदर तोंडावर घिऊन उभी. मग ह्ये काय लिवणार? 'सर्वांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पैसे पाठवले ते मिळाले का? थोरल्या चुलत्याचा खोकला कसा आहे?'"

"आणि तुमच्यासाठी?"

"नाव बी न्हाई. बायकूचं नाव कोण लिवतंय त्यात." त्या काकांकडे न बघता म्हणाल्या, "शेवटी येक वळ असायची. दर पत्रात. 'म्हशीला जपा. उन्हात सोडू नका. तिला वेळेवर खायला घाला.'"

मी वहीत लिहून घेतलं. म्हैस. तपशील चांगला होता. ग्रामीण वातावरण येत होतं. "किती दूध द्यायची?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"कोण?"

"म्हैस."

काकू पदरात हसल्या. काका उठले, गॅलरीत गेले आणि खाली वाकून कुणाची मोटारसायकल वाकडी लागलीय का ते बघू लागले.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "आमच्याकडं म्हैस कुठं हुती?"

त्या रात्री मी बसून शेवटचं प्रकरण एका दमात लिहिलं. खिडकी काढली, पाऊस काढला, रणधीरला कॅप्टनवरून शिपाई केला, त्याला बेळगावला टाकला आणि एका निळ्या अंतर्देशीय पत्रात म्हैस लिहिली. काकांनी वाचलं. पेन्सिल हातात होती, पण एकही खूण केली नाही. फक्त 'साष्टांग'मधला अनुस्वार मी विसरले होते, तो दिला.

संपादकांचा फोन आठ दिवसांनी आला. "मॅडम, सुंदर! वर्दी आहे, विरह आहे, मातीचा वास आहे. घेतोय आम्ही. फक्त एक करा. शेवटी ती म्हैस कुठून आली ते कळत नाही. आधी कुठेच गोठा नाही. ती काढून टाकू का?"

मी नको म्हटलं. बरंच समजावलं. शेवटी तडजोड झाली, त्यांनी म्हैस ठेवली आणि वाचकाचा गोंधळ नको म्हणून पहिल्या प्रकरणात स्वतःच्या पदरचा एक गोठा बांधला.

काकूंची हकीकत यांनाही मीच सांगितली होती. सांगताना माझा आवाज जरा जड झाला असावा, कारण यांनी पेपर खाली ठेवून ऐकली आणि दोनदा "अरेरे" म्हणाले. मागच्या आठवड्यात विम्याच्या कसल्याशा मीटिंगसाठी हे दोन दिवस कोल्हापूरला गेले. पस्तीस वर्षांत बाहेरगावी पोचल्यावर यांनी कधी फोन केलेला मला आठवत नाही. दुपारी मोबाइल वाजला. मी पोळ्या लाटत होते, हाताला पीठ, म्हणून सासूबाईंनी चष्मा लावून मेसेज मोठ्यानं वाचला.

"पोचलो. म्हशीला जपा. तिला वेळेवर खायला घाला."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काही चुकीचं बोलला नाही तो."

हे परत आल्यावर मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. चहापूड कुठे आहे तेही सांगितलं नाही.